जुन्या वाड्याची ओली भिंत: सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा कसा करावा

जुन्या नाशकातल्या वाड्यांत एक तक्रार घरोघरी ऐकू येते. तळमजल्याची भिंत ओली आहे, दर दोन-तीन वर्षांनी गिलावा फुगतो, पोपडे पडतात, रंग टिकत नाही. मग कुणीतरी वॉटरप्रूफिंग करायला सांगतं. सिमेंटचा नवा थर चढतो, त्यावर पुट्टी, त्यावर प्लास्टिक पेंट. पहिला पावसाळा बरा जातो. पुढच्या पावसाळ्यानंतर बघावं तर ओल गेलेली नसतेच, ती हातभर वर चढलेली असते.

या भिंती सिमेंटच्या नाहीत. खाली काळ्या पाषाणाचं जोतं, वर चुन्यात किंवा मातीत रचलेल्या पातळ भाजक्या विटा, मध्ये सागवानी खांब आणि तुळया, कुठे वरच्या मजल्याला पांढऱ्या मातीची भिंत. दीड-दोन फूट जाडीची अशी भिंत जमिनीतून आणि पावसातून थोडं पाणी घेते आणि कोरड्या दिवसांत ते वाफेच्या रूपानं सोडून देते. चुन्याच्या गिलाव्यातून ही वाफ निघून जाते. सिमेंटचा दाट थर तिची वाट अडवतो. मग पाणी आतल्या आत वर सरकतं, सोबत क्षार नेतं, आणि जिथे सिमेंट संपतं तिथे बाहेर येतं. दुसरं नुकसान डोळ्यांना उशिरा दिसतं. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कितीतरी कडक असल्यामुळे ते निखळतं तेव्हा विटेचा दर्शनी भागही सोबत घेऊन येतं.

खाली दिलेली पद्धत चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या अशा जुन्या भिंतींसाठीच आहे. आरसीसीच्या फ्रेममधल्या सहा इंची भिंतीला यातलं बरंचसं लागू पडत नाही.

पर्यावरणाच्या अंगानंही एकदा बोलून घेतो, कारण चुन्याबद्दल बरंच भाबडं बोललं जातं. चुना भाजतानाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फरक एवढा की चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजते, सिमेंटच्या क्लिंकरला (दळून सिमेंट होण्याआधीच्या भाजलेल्या खड्यांना) सुमारे १४५० अंश लागतात. आणि भिंतीवर गेलेला चुना पुन्हा दगड होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषतो. माणसाच्या उद्योगांतून जगभर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंट उद्योगातून येतो, तेव्हा हा फरक लहान नाही. पण माझ्या मते त्याहून मोठी बचत वाडा न पाडण्यात आहे. तो दगड, त्या विटा, ते सागवान आधीच काढलेलं, भाजलेलं, घडवलेलं आहे. आपल्याला फक्त ते टिकवायचं आहे.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

चुना गळती थांबवत नाही. फुटका पाइप असेल, पन्हळ तुंबलेलं असेल, वर नंतर काढलेलं न्हाणीघर झिरपत असेल, तर जगातला उत्तम गिलावाही वाया जाईल. म्हणून पहिला पूर्ण पावसाळा भिंत नुसती बघा. ओल छताकडून खाली उतरते आहे, जमिनीकडून वर चढते आहे, की एकाच ठिकाणी डाग आहे? वरून उतरणारी ओल कौलं, पन्हळ आणि भिंतीच्या माथ्याकडे बोट दाखवते. बारा महिने एकाच जागी असलेला डाग म्हणजे बहुतेक वेळा नळाची नाहीतर सांडपाण्याची गळती. जमिनीपासून दोन-चार फुटांपर्यंत सलग पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, असेल, तर ओल पायातून चढते आहे.

शंका उरलीच तर फूटभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असले तर पाणी भिंतीतून येतं आहे. बाहेरच्या बाजूला असले तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर जमते आहे. तिथे गिलाव्याआधी खिडकी उघडायची गरज आहे.

जुन्या गावठाणात पायातल्या ओलीचं कारण पुष्कळदा घराबाहेर सापडतं. गल्लीवर दर काही वर्षांनी डांबराचा नाहीतर काँक्रीटचा नवा थर पडत गेला आणि रस्ता वर आला. पूर्वी ज्या ओट्यावर दोन-तीन पायऱ्या चढून जावं लागे, तो आता रस्त्याच्या बरोबरीला आला आहे. पावसाचं पाणी थेट जोत्याला लागून उभं राहतं. आतल्या चौकातही जुनी दगडी फरशी काढून टाइल्स बसवल्या, की जमिनीतली वाफ वर यायची जागा बंद होते आणि ती भिंतीची वाट धरते.

इलाज कुदळ-फावड्याचा आहे. भिंतीला चिकटलेला काँक्रीटचा पट्टा शक्य तिथे फूटभर रुंदीत काढा. तिथे फूट-दीड फूट खोल चर खणून खडी भरा आणि चराचा उतार गटाराकडे किंवा शोषखड्ड्याकडे द्या. पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नका आणि संपूर्ण लांबी एकदम खणू नका. पाच-सहा फुटांच्या तुकड्यांनी काम करा. रस्त्याकडच्या बाजूला हे करण्याआधी महापालिकेची परवानगी लागेल. चौकात मात्र ते तुमच्याच हातात आहे. कित्येक भिंतींची निम्मी ओल एवढ्यानंच कमी होते, आणि यासाठी चुन्याचा खडाही लागत नाही.

याच टप्प्यावर भिंतीची तब्येत बघून घ्या. ओळंबा सोडून बघा, भिंतीला पोट आलं आहे का. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टोचा. तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर टोक कुजलेलं आहे. तड्यावर तारीख लिहून पातळ काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं आडवी चिकटवा. काही महिन्यांत काच तडकली तर तडा अजून हलतो आहे. यातलं काहीही आढळलं तर गिलाव्याचा विचार बाजूला ठेवून जुन्या बांधकामाची जाण असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आधी बोलवा. वाडा वारसा यादीत असेल, किंवा भाडेकरू आणि भाऊबंद असतील, तर कागदपत्रं आणि बोलणीही आत्ताच उरकून घ्या.

वर्ष कसं आखायचं

हे पंधरा दिवसांत होणारं काम नाही. माघात चुना विरवून, म्हणजे पाण्यात टाकून फोडून, मुरायला ठेवा. होळीच्या सुमारास आतल्या भिंतींवरचं सिमेंट उतरवा, म्हणजे संपूर्ण उन्हाळा भिंतीला वाळायला मिळतो. बाहेरच्या बाजूचं सिमेंट त्याच वेळी काढलं तर पावसाआधी निदान दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, भरून झाल्या पाहिजेत. मुख्य गिलावा दिवाळीनंतर सुरू करून संक्रांतीपर्यंत संपवा, सफेदी शिवरात्रीपर्यंत. एप्रिल-मेच्या उन्हात गिलावा धरण्याआधीच, म्हणजे घट्ट होण्याआधीच, सुकतो आणि हाताला भुसा लागतो. पावसाळ्यात तो धरतच नाही. थंडी कडाक्याची असेल ते चार-आठ दिवस थांबा. निफाडकडे पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा चुना धरायचा जवळजवळ थांबतो.

२०२७ च्या सिंहस्थाआधी घाटाजवळची घरं नवीकोरी दिसावीत अशी घाई पुष्कळांना आहे. त्या घाईत भिंतीवर सिमेंट थापण्यापेक्षा यंदा नुसती साधी सफेदी करा आणि खरं काम सावकाश हाती घ्या.

चुना निवडणं आणि विरवणं

जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदाराला चुना नव्यानं शिकवायला नको. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी (द्राक्षावर फवारायच्या बुरशीनाशकासाठी) एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना (भट्टीतून निघालेला, पाणी न लागलेला) आणि शंभर लिटर पाणी हे प्रमाण त्याच्या तोंडावर असतं, आणि जुना, हवा लागलेला चुना चालत नाही हेही त्याला माहीत असतं. भिंतीलाही तोच चुना लागतो. म्हणून पिंपळगाव, निफाड, दिंडोरी भागातल्या कृषी सेवा केंद्रांत कळीच्या चुन्याची चौकशी करायला हरकत नाही. बांधकामाच्या घाऊक बाजारात कटनी किंवा राजस्थानकडचा चुना येतो, तोही चालतो. पूर्वी आपल्याकडे काळ्या जमिनीत आणि नदीकाठी मिळणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजून चुना करत. त्या खड्यांत मातीचा अंश असल्यामुळे तो चुना ओलीतही धरायचा. आज तो सहजी मिळत नाही. त्याची उणीव सुरखीनं, म्हणजे विटेच्या भुकटीनं, भरून काढायची आहे.

कळी हातात घेतली की वजनाला हलकी लागली पाहिजे आणि ढेकूळ कडक पाहिजे. पोत्यात निम्मी भुकटी झालेली असेल तर हवा लागून चुना मेलेला आहे, घेऊ नका. मूठभर तुकडे लोखंडी भांड्यातल्या पाण्यात टाकून बघा. चांगला चुना काही मिनिटांत फसफसून फुटतो आणि न विरलेले खडे फारसे उरत नाहीत. तयार पिशवीत मिळणारी चुन्याची फक्की नाइलाजानं वापरायची असेल तर तिच्यावर थोडं व्हिनेगर टाका. जोरात फेस आला तर तो चुना पिशवीतच दगड व्हायला लागला आहे.

१०० चौरस फूट भिंतीला, दोन थर मिळून वीस मिलिमीटर जाडीचा गिलावा धरला आणि थोडी नासधूस गृहीत धरली, तर साधारण ४० किलो कळीचा चुना लागतो. तेवढ्यासाठी दोनशे लिटरचं लोखंडी पिंप घ्या. प्लास्टिकचं नको, ते वितळतं. पिंपात आधी १०० ते १२० लिटर पाणी भरा आणि मग त्यात चुना टाका. कायम पाण्यात चुना, चुन्यावर पाणी कधीच नाही. ढिगावर पाणी ओतलं तर उकळतं शिंतोडं तोंडावर उडतं.

चार-पाच किलो कळी फावड्यानं हळूच सोडा. आधी काहीच होत नाही, नुसते बुडबुडे येतात. मग ढेकळं तडकल्याचा बारीक आवाज येतो, पाणी दुधाळ होतं, आणि बघता बघता पिंप खदखदायला लागतं. पिंपाच्या पत्र्याला हात लावता येत नाही इतकी ही उष्णता असते. लांब दांड्याच्या लोखंडी फावड्यानं तळापासून ढवळत राहा, खदखद निवली की पुढची कळी टाका. डोळ्यांवर बंदिस्त चष्मा, हातात रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायात बूट यांत तडजोड करू नका. लहान मुलांना आणि जनावरांना त्या दिवशी चौकात येऊ देऊ नका. शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली ठेवा. डोळ्यात चुना गेला तर लगेच धुवायला लागायचं, निदान वीस मिनिटं धुवायचं, आणि तडक डॉक्टरकडे जायचं.

दुसऱ्या दिवशी हा पातळ चुना बारीक जाळीतून गाळून दुसऱ्या पिंपात भरा. न विरलेले खडे राहिले तर ते पुढे गिलाव्यात फुगून भिंतीवर फोड आणतात, म्हणून गाळायचा कंटाळा नको. खाली पांढरा लगदा बसतो आणि वर निवळी राहते. ती ओतून देऊ नका. चार बोटं पाणी लगद्यावर कायम हवं, नाहीतर हवा लागेल. झाकण लावून सावलीत ठेवा. महिनाभर मुरला तर काम भागतं, तीन महिने मुरला तर लगदा थापीवरून न घसरणारा, गुळगुळीत होतो. पाण्याखाली ठेवलेला चुना वर्षानुवर्षं बिघडत नाही.

रेती आणि सुरखी

नदीची रेती आता सहज आणि वैध मार्गानं मिळेलच असं नाही. धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती, चालते. आपल्याकडे ती बेसाल्टचीच असते आणि तिचे धारदार कण चुन्याला चांगले पकडतात. काचेच्या बरणीत अर्धी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर रेती पुन्हा धुवा.

सुरखी म्हणजे विटेची भुकटी, पण कुठल्याही विटेची नाही. जास्त भाजलेली, काळपट, खणखणीत वीट दळून उपयोग नाही. तिच्यातली माती चुन्याशी जुळण्याची ताकद गमावून बसलेली असते. कमी भाजलेली, पिवळट-नारिंगी, नखानं ओरखडा पडणारी वीट हवी. ती कुटून बारीक चाळणीनं चाळा. जोत्यापासून तीन-चार फुटांचा जो पट्टा कायम दमट राहतो तिथे सुरखी लागतेच, कारण साध्या चुन्याला धरायला कोरडी हवा लागते आणि सुरखी घातलेला चुना ओलीतही धरतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या राखेतही हा गुण आहे, पण गिलावा करडा होतो. वाड्याला सुरखीचा गुलाबी रंगच शोभतो असं मला वाटतं.

सिमेंट उतरवणं

आधी बोटांच्या सांध्यानं किंवा लाकडी दांड्यानं भिंत ठोकत जा. भरीव आवाज येतो तिथे गिलावा धरून आहे, पोकळ आवाज येतो तिथे तो सुटलेला आहे. सुटलेल्या जागांभोवती खडूनं रेघ मारा. दोन फूट चौकोनी तुकडा आधी काढून बघा. पातळ छिन्नी, हलका हातोडा, भिंतीशी तिरकस कोन, वरून खाली. ब्रेकर मशिन या भिंतींना लावू नका. हादऱ्यानं आतला मातीचा भराव सुटतो. सिमेंटसोबत विटेची कपची निघायला लागली तर तिथे थांबा. जो तुकडा विटेला घट्ट धरून बसला आहे तो ओढून काढण्यापेक्षा तसाच राहू द्यावा. काही वर्षांत तो आपोआप सुटेल. तुळई टेकलेल्या जागेजवळ काम करण्याआधी खाली टेकू द्या.

दगडी जोत्याच्या सांध्यांतही कुणीतरी सिमेंट भरलेलं असतंच. तेही काढायचं. सराफ बाजारातल्या पेशवेकालीन सरकारवाड्याचं जोतं, पंचवटीतल्या मंदिरांची दगडी कामं नीट बघा: दगडाला दगड किती बारकाईनं भिडवला आहे आणि सांध्यात किती थोडा चुना आहे ते दिसेल. आपलं काम तिथवर जाणार नाही, पण डोळा तिथे तयार होतो.

उघडी पडलेली भिंत धुऊ नका. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाणी मारलं तर क्षार पुन्हा आत जातात. मग भिंत वाळू द्या. ढोबळ हिशोब असा की एक इंच जाडीला एक महिना. दीड-दोन फुटी भिंत त्या हिशोबानं दिवाळीपर्यंत पूर्ण वाळत नाही, पण गिलाव्याआधी जितकी वाळेल तितकी बरी. होळीचा मुहूर्त त्यासाठीच. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, लोणा येईल तसा झाडत राहा. गोदाकाठच्या ज्या घरांत २०१६ किंवा २०१९ चा पूर शिरला होता आणि नंतर घाईनं सिमेंट मारलं गेलं, त्यांनी या टप्प्याला आणखी वेळ द्यावा. त्या भिंती पोटातून अजून ओल्या असू शकतात.

वाळलेल्या भिंतीच्या दरजा इंचभर खोल खरवडून, धूळ काढून, हलकं पाणी शिंपडून चुन्याच्या मालानं दाबून भरा. कुजलेली वीट बदलायची तर त्याच मापाची जुनी वीट शोधा; गावात एखादा वाडा पाडला जात असतो, तिथे मिळते. वीट भुसभुशीत झाली असेल तर पिंपावरची निवळी ब्रशनं दिवसाआड चार-पाच वेळा पाजा, थोडी सावरते. विजेच्या वायरींच्या नळ्याही याच वेळी बसवून घ्या.

वरच्या मजल्याची भिंत पांढऱ्या मातीची असेल तर तिच्यावर थेट चुना मारू नका. आधी माती, भाताचं तूस किंवा गव्हाचा भुसा आणि थोडा चुना यांचा गिलावा करून ती सारखी करा, आणि पाणी अगदी बेतानं वापरा.

माल

आतल्या थराचं प्रमाण एक भाग मुरलेला चुना, तीन भाग रेती. दमट पट्ट्यासाठी एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग रेती. मापं घमेल्यानं घ्या, अंदाजानं नको. त्यात दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे तागाचे किंवा अंबाडीचे धागे मोकळे करून मिसळा, भेगा कमी पडतात.

पूर्वी हे सगळं बैलाच्या घाण्यात दगडी चाकाखाली दळलं जाई. आज रोलर असलेला पॅन मिक्सर भाड्यानं मिळाला तर उत्तम, नाहीतर पत्र्यावर ढीग करून लाकडी धुमसानं कुटायचं. सुरुवातीला माल कोरडा वाटतो आणि पाणी घालायचा मोह होतो. घालू नका. कुटत राहिलं की चुन्यातलंच पाणी सुटतं आणि माल लवचीक होतो. थापीवर घेऊन थापी उलटी केली तरी माल पडला नाही, की तयार झाला. जास्तीच्या पाण्यानं केलेला गिलावा आकसतो आणि जाळीदार भेगा पडतात.

गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद यांबद्दल पुष्कळ ऐकायला मिळतं. बेलाचा गर चार दिवस पाण्यात भिजवून ते चिकट पाणी मालात घातलं, किंवा शंभर किलो चुन्याला किलो-दोन किलो गुळाचं पाणी घातलं, तर माल पसरायला सोपा जातो आणि सावकाश सुकतो. एवढा फायदा खरा आहे. पण कच्चा, न मुरलेला चुना गुळानं सुधारत नाही, आणि गूळ जास्त झाला तर मुंग्या लागतात, बुरशी येते.

गवंडी सिमेंटवर हात बसलेला असेल तर तो एकदा तरी म्हणणार, “मालक, मूठभर सिमेंट टाकतो, लवकर धरंल.” नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. त्या मुठीनं चुन्याची सच्छिद्रता जाते आणि सिमेंटची ताकदही मिळत नाही. त्यापेक्षा न दिसणाऱ्या कोपऱ्यात तीन फुटांचा नमुना त्याच्याकडून करून घ्या आणि तीन आठवडे बघा. चांगला गवंडी तेवढ्यात चुन्याचा स्वभाव ओळखतो, पुढे तुम्हालाच चार गोष्टी सांगतो. मजुरी दिवसावर ठरवा, चौरस फुटावर नको. चुन्याच्या कामात घाई करणाऱ्याला फायदा होता कामा नये.

गिलावा चढवणं

आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा हलकं पाणी मारा. जुनी वीट तहानलेली असते. कोरडी ठेवली तर मालातलं पाणी ओढून घेते आणि गिलावा सुटतो. भिंत दमट हवी, पण पाणी ओघळत नको.

पहिला हात थापीनं जोरानं मारून चढवायचा, म्हणजे माल सांध्यांत घुसतो. जाडी दहा-बारा मिलिमीटरच्या वर नेऊ नका. खड्डे खोल असतील तर ते दोन दिवस आधी वेगळे भरून घ्या. जुनी भिंत सरळ नसतेच. ओळंब्यात आणायच्या हट्टानं कुठे दोन इंच माल चढवाल तर तो आपल्या वजनानं उतरेल. वळण आहे तसं ठेवून गुळगुळीत करा. कोनाडे आणि दिवळ्यांच्या कडा हातानंच गोलसर काढा, अँगल पट्टी नको. तुळईच्या टोकाभोवती बोटभर फट सोडा, लाकडाला हवा लागली पाहिजे.

माल थोडा आवळला, की अंगठा दाबून बघा. खूण उमटते पण अंगठा आत जात नाही, तेव्हा लाकडी रंध्यानं घट्ट दाबून घ्या. भेग पडली असेल तर ती याच वेळी दाबून बुजते. मग खिळ्यांच्या पट्टीनं तिरके चरे ओढा. गोणपाटं ओली करून भिंतीसमोर टांगा आणि आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा द्या. नाशकात हिवाळी वारा कोरडा असतो, बाहेरच्या भिंतीला त्याची झळ लगेच लागते. पाणी बदाबदा मारायचं नाही; सिमेंटला लागतं तसं पाणी इथे नको, नुसता दमटपणा हवा. चुन्याला हवाही लागते, म्हणून प्लास्टिकनं गुंडाळू नका.

दहा-पंधरा दिवसांनी दुसरा हात. एक भाग चुना, दोन भाग बारीक चाळलेली रेती, जाडी पाच ते आठ मिलिमीटर. बैठकीच्या खोलीला गुळगुळीत झळाळी हवी असेल तर वर एक भाग चुना आणि एक भाग संगमरवराची भुकटी असा दोन मिलिमीटरचा थर देऊन गुळगुळीत गोट्यानं घोटा. याला वेळ फार लागतो आणि मनगट दुखतं, पण भिंतीवर हात फिरवल्यावर कळतं की ते का करायचं. प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा बाजारची पुट्टी यावर मुळीच नको, ओलीला पहिली तीच फुगते.

सफेदी

मुरलेला चुना चार-पाच पट पाण्यात कालवून बारीक कापडानं गाळा. बोट बुडवून वर काढलं तर चुन्याच्या थरातून कातडी दिसली पाहिजे, इतका पातळ. पहिला हात मारताना काहीच दिसत नाही, भिंत नुसती ओली दिसते. दुसऱ्या दिवशी पांढरी होते. असे चार-पाच पातळ हात, दोन हातांत एक दिवस, प्रत्येक वेळी भिंत किंचित दमट करून. एकाच जाड हातात उरकलं तर पापुद्रे निघतात आणि कपड्यांना लागतं. शेवटच्या हातात थोडी नीळ घातली की पांढरा उजळतो. रंग हवा असेल तर गेरू, पिवडी, हिरमीज यांसारखे मातीचे रंग चुना सहन करतो. चुन्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांनी सुरुवात करा. लाकडाला व्हार्निशऐवजी जवसाचं तेल पातळ हातानं द्या.

पहिलं वर्ष आणि पुढे

पहिल्या पावसाळ्यात जोत्याजवळ डाग दिसतील, लोणाही येईल. घाबरू नका. भिंतीच्या पोटात इतकी वर्षं अडकलेले क्षार आता गिलाव्यातून बाहेर पडत आहेत, आणि गिलावा त्यासाठीच आहे. झाडत राहा. तळचा दोन फुटांचा पट्टा पाच-सात वर्षांत भुसभुशीत झाला तर तेवढाच काढून पुन्हा करा. विटेऐवजी गिलावा झिजतो हेच हवं आहे, आणि तेवढ्या कामाला परांचीही लागत नाही.

कपाट, पलंग भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. दर वर्षी मृगाआधी पन्हळ साफ करा, सरकलेली कौलं बसवा, चरातल्या खडीवर साचलेली माती काढा. दसऱ्या-दिवाळीला सफेदीचा एक पातळ हात. कुठे केसाएवढी भेग दिसली तर तिच्यावर सफेदी जरा घट्ट करून ब्रशनं भरा, ती बुजते.

उरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवा आणि पिंपावर विरवल्याची तारीख लिहा. कुठल्या खोलीला कुठलं प्रमाण, कुठली रेती, सुरखी कुठून आणली, हे एका वहीत टिपून ती वही घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. वीस वर्षांनी जो कोणी या भिंतीला हात लावेल त्याला याच मालाचं ठिगळ लावता आलं पाहिजे.